तीन नंबरचा खण

श्री. भास्करराव दळवी, म्हणजे आमचे दळवीकाका, यांच्याशी माझी पहिली ओळख भांडणाने झाली. बडोद्याच्या घडियाळी पोळ या गल्लीत त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आमच्या दारासमोरच. संध्याकाळ झाली की त्यांच्याकडचे रिकामे खोके आणि थर्माकोलचे तुकडे वाऱ्याने आमच्या ओट्यावर यायचे. आठ दिवस मी गप्प बसले. नवव्या दिवशी सगळं गोळा केलं, दुकानात गेले आणि काउंटरवर आदळलं.

"हा तुमचा माल. आमचा ओटा काय गोडाऊन आहे?"

काका उठून उभे राहिले. "चूक आमची आहे, बाई. उद्यापासून येणार नाही," म्हणाले. मग त्या ढिगाकडे बघत राहिले. "हे खोके एकात एक कुणी घातले?"

"मी. नाहीतर सात खोके दोन हातांत मावणार कसे?"

"रागात होतात ना?"

"अजून आहे."

"रागातही माप चुकलं नाही तुमचं. इथे काम कराल का?"

मला वाटलं माणूस चेष्टा करतो आहे. मी तेव्हा चार घरच्या पोळ्या करत होते, शाळा चौथीत सुटलेली. पण ते चेष्टा करत नव्हते. त्याला आता सतरा वर्षं झाली. आधी मी झाडलोट केली, मग स्क्रू लावले, मग डिस्का बसवायला शिकले. आज दुकानातलं निम्मं काम माझ्या हातचं असतं.

काकांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. संपादक मंडळींनी मला सांगितलं, "सुरेखाबाई, दोन-चार गोड आठवणी द्या." गोड लिहिणारे या पुस्तकात पुष्कळ असतील. मला एक गोष्ट दुरुस्त करायची आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांनी ती ऐकली आहे. समा भागातल्या हॉलमध्ये मराठी मंडळाचं तिळगूळ असतं तेव्हासुद्धा कुणीतरी ती काढतंच. "दळवी हुशार खरे, पण डोळ्याच्या ऑपरेशननंतर हट्टाने कामाला गेले आणि नंदेसरीच्या दवाखान्यातले मजुरांचे एक्स-रे पुसून बसले!" सगळे हसतात, काकाही हसतात. ती गोष्ट खोटी आहे. काकांच्या नावावर हा डाग चार वर्षं आहे आणि तो त्यांचा नाही. हे छापून यावं म्हणूनच मी लिहायला बसले.

पण आधी माणूस कसा आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

काकांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. काकांनी स्वतः एका मोठ्या कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी केली आणि ती सोडून हे दुकान टाकलं. त्यांना हळू बोलायची आणि सावकाश काम करायची सवय आहे. मी उतावळी बाई, मला त्याचा वैताग येतो. मशीन बंद करायचं तर मी बटण दाबीन. काका आधी आत काय चाललं आहे ते बघतील, वहीत लिहितील, पुन्हा बघतील. कितीतरी वेळा मी म्हटलं आहे, "काका, एवढ्यात माझा स्वयंपाक होतो." ते म्हणतात, "होतो. पण कधी करपतोही ना?" आणि पुन्हा वहीत डोकं घालतात. हा त्यांचा दोषच आहे, सत्कार आहे म्हणून लपवणार नाही.

शिकवायची पद्धत मात्र त्यांच्यासारखी कुणाची नाही. मला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. त्यांनी बाराखडीचं पुस्तक आणलं नाही की क्लास लावला नाही. प्रत्येक डिस्कच्या अंगावर तिचा स्वतःचा नंबर छापलेला असतो, अक्षरं आणि आकडे मिसळून. ते म्हणाले, "रोज दहा डिस्कांचे नंबर वहीत उतरवा." दोन महिन्यांत मला सगळी अक्षरं आली. वाचता येऊ लागलं ते नंतर, पण अक्षर चुकत नव्हतं.

पहिल्या दिवसापासून ते मला अहो-जाहो करतात. मी केर काढत होते तेव्हाही "सुरेखाबाई, जरा बसा" असंच म्हणायचे. एकदा एका गिऱ्हाइकाने माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, आ बेन शुं करशे?" ही बाई काय करणार, असं. काका म्हणाले, "जे मी करतो ते. फक्त माझ्यापेक्षा स्वच्छ." त्या माणसाने नाक मुरडलं, तर काकांनी त्याचं मशीन उचलून त्याच्या हातात दिलं. "मग दुसरीकडे दाखवा." तो ओटा उतरून गेला आणि काका चहा प्यायला बसले, जसं काही झालंच नाही.

आता नंदेसरी.

तिथे, शहराबाहेर, कारखान्यांच्या वसाहतीजवळ एक लहान दवाखाना आहे. तो डॉक्टर मीनाबेन चालवतात. रसायनांच्या कारखान्यांत काम करणारे मजूर त्यांच्याकडे छातीचे फोटो काढायला येतात. कामाला लागताना एक फोटो, मग दरवर्षी एक. दहा-बारा वर्षांचे सगळे फोटो एका मशीनवर होते. त्यात चार डिस्का, चार खणांत. एक आणि दोनमध्ये एकच माल, तीन आणि चारमध्ये एकच माल, म्हणजे एक गेली तरी जोडीदार असते. मशीन काकांनी बसवलेलं.

चार वर्षांपूर्वी काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, घराबाहेर पडायचं नाही. सुमनकाकू दारातच खुर्ची टाकून बसलेल्या. नेमक्या त्याच आठवड्यात दवाखान्यातून फोन आला, तीन नंबरची डिस्क बंद पडली आहे. काकांनी मला घरी बोलावलं.

"तुम्ही जा. जुनी काढा, नवी त्याच खणात बसवा, मशीन चालू करा, आणि चारवरून तीनवर नक्कल मारा. मात्र नक्कल मारण्याआधी पडद्यावर दिसतो तो नंबर आणि डिस्कच्या अंगावरचा नंबर जुळवून बघा. कागदावर लिहून देतो."

त्यांनी एका डोळ्याने वाकड्या ओळींत ते लिहून दिलं. नंबर जुळवा, या शब्दांखाली दोन रेघा मारल्या.

मी गेले. बाहेर बाकावर मजुरांची रांग, खोकल्याचा आवाज. मीनाबेन दर पाच मिनिटांनी दारात येत होत्या. "सुरेखाबेन, केटली वार?" किती वेळ, किती वेळ. मी नवी डिस्क बसवली आणि मशीन चालू केलं. पडद्यावर एक, दोन, तीन, चार, चारही दिसल्या. माझ्या मनात आलं, चारही आहेत, आता जुळवायचं काय? कागद खिशातच राहिला. मी चारवरून तीनवर नक्कल सुरू केली.

आता यात काय झालं ते ज्यांना मशीनचं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. मशीन चालू होतं तेव्हा सगळ्यात आधी आतला एक छोटा प्रोग्राम जागा होतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो डिस्कांना हाक मारतो आणि ज्या क्रमाने त्या 'ओ' देतात त्या क्रमाने नंबर वाटतो. त्याला खण कळत नाही. नवी डिस्क जरा हळू जागी होणारी निघाली. एक नंबरच्या खणातलीने ओ दिली, दोनने दिली, तिसऱ्या खणातली नवी अजून गरगरतच होती, तेवढ्यात चौथ्या खणातलीने ओ दिली. प्रोग्रामने तिला तीन म्हटलं. नवी कोरी मागून आली, तिला चार. आणि मी सांगितलं, चारवरून तीनवर नक्कल मार. म्हणजे कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर. जी एकच शिल्लक होती तिच्यावर.

प्रत्येक खणापुढे दिवा असतो. लिहिणं चालू असलं की केशरी लागतो. मी सहज बघितलं तर केशरी दिवा चौथ्या खणापुढे. मला काही समजायच्या आधी माझ्या हाताने वायर ओढली होती. पण मधल्या वेळात डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला गेला होता. सुरुवातीचा भाग म्हणजे सगळ्यात जुने फोटो. कामाला लागतानाचे.

त्यात गोविंदभाई सोलंकी नावाच्या माणसाचा फोटो होता. गोविंदभाई अकरा वर्षं पावडर खात्यात काम करत होते. आता त्यांना जिना चढवत नव्हता. कारखान्यातले लोक म्हणत होते, तुमची छाती आधीपासूनच खराब होती. मीनाबेन म्हणत होत्या, कामाला लागताना छाती स्वच्छ होती, माझ्याकडे फोटो आहे. त्या फोटोवर त्यांची खात्यातून बदली आणि इलाज दोन्ही अवलंबून होतं. तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यातली. हे मला मीनाबेननीच आदल्या तासात सांगितलं होतं, मी डिस्क बसवत असताना.

मीनाबेनना 'काकांना विचारून येते' एवढंच सांगून मी रिक्षाने समाला काकांच्या घरी गेले. काकांसमोर उभी राहून एका दमात सगळं सांगितलं. कागद खिशातून काढून टेबलावर ठेवला. वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

काका म्हणाले, "जुनी डिस्क कुठे आहे? बंद पडलेली?"

"माझ्या पिशवीत. तुम्हीच सांगता ना, मेलेली डिस्क वर्षभर टाकायची नाही."

"आणा इकडे." त्यांनी ती कानाशी धरून हलवली, बोट फिरवलं, नाकाशी नेली. "आत खडखडत नाही. खालची सर्किटची पट्टी जळली आहे, वास येतो. आतली चकती शाबूत असेल." मग उठले, काळा चष्मा चढवला. "चला."

काकू दारात आडव्या. "अहो, डॉक्टरांनी काय सांगितलं आहे?"

"ऊन लागू द्यायचं नाही, असं सांगितलं आहे. रिक्षाला छप्पर असतं."

"छप्पर असतं म्हणे! सुरेखा, तू तरी सांग यांना."

 मी डिस्क पुन्हा पिशवीत घातली आणि चपला पायात सरकवल्या.

दवाखान्याच्या पायरीवर काका थांबले. "आत मी बोलेन. तुम्ही बोलायचं नाही." आणि मीनाबेनसमोर म्हणाले, "बेन, माझी चूक झाली आहे. सुरुवातीचे फोटो पुसले गेले आहेत. परत मिळतील असं वाटतं, पण खात्री देत नाही." मीनाबेन खूप बोलल्या. गोविंदभाईंचं नाव घेऊन बोलल्या. बाहेरच्या रांगेने ऐकलं, तिथूनच ही गोष्ट बडोद्यात पसरली. चष्म्याआडचा पट्टीवाला डोळा सगळ्यांना दिसत होता, तेव्हा बाकीचं लोकांनी आपल्या मनाने जुळवलं. मी शेजारी उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. काकांनी गप्प राहा सांगितलं होतं हे खरं. पण मी गप्प राहिले ती भीतीने. बाहेर कळलं तर मला कोण मशीनला हात लावू देणार, हे माझ्या डोक्यात होतं.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "काका, चूक माझी. तुम्ही दोन रेघा मारून दिल्या होत्या."

"रेघा मारल्या म्हणजे काम झालं असं मी समजलो. नंबर सरकतात हे मला वीस वर्षं माहीत आहे. बांधून टाकता येतात हेही माहीत आहे. पाच-सहा ओळी लिहायचा कंटाळा केला आणि त्याच्याऐवजी तुम्हाला सावध राहायला सांगितलं. बाहेर रांग असताना माणूस घाई करणारच."

"मी नेहमीच घाई करते."

"हो. तेही मला माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी दुकानात आम्ही मेलेल्या डिस्कला बसलो. अगदी तशीच दुसरी डिस्क काकांच्या कपाटात निघाली. तिची खालची पट्टी काढून हिला लावायची, आणि जुन्या पट्टीवरची एक मुगाएवढी चिप सोडवून नव्या पट्टीवर बसवायची. त्या चिपशिवाय डिस्क स्वतःला ओळखत नाही. काकांना एका डोळ्याने ती दिसेना.

"मला दिसत नाही, तुम्हाला दिसतं. बसा."

"काका, कालच मी..."

"काल तुम्ही वायर कधी ओढली, ते किती पुसलं गेलं त्यावरून मी बघितलं आहे. दुसऱ्या कुणी दिव्याकडे बघितलंसुद्धा नसतं. झाळकामाची गरम सळई घ्या हातात. हात टेकवा टेबलावर. श्वास सोडा, मग टेकवा."

मी ते केलं. त्या दिवशी मी कशाचीही घाई केली नाही. आयुष्यात तेवढीच एक दुपार असेल. डिस्क फिरली. काका म्हणाले, "आधी पुसलेला भागच वाचू या, ही किती वेळ जगेल सांगता येत नाही." ती संध्याकाळपर्यंत जगली. मग एक कर्र आवाज झाला आणि पुन्हा कधी फिरली नाही. तोवर जवळजवळ सगळं आलं होतं. गोविंदभाईंचा फोटो आला होता. स्वच्छ छाती, कोपऱ्यात नाव आणि तारीख. मीनाबेननी तो पडद्यावर बघितला आणि खुर्चीत बसून राहिल्या. गोविंदभाईंची बदली झाली. आता ते गेटवर रजिस्टर लिहितात, औषध चालू आहे, भेटले की हात वर करतात.

काही थोडे फोटो आलेच नाहीत. त्या मजुरांची यादी मीनाबेनकडून घेऊन काका एकेकाच्या घरी गेले. पट्टी निघाली होती, पण ऊन सोसत नव्हतं. प्रत्येकाला हात जोडून सांगितलं, "तुमचा पहिला फोटो आमच्याकडून गेला. पुढे कधी लागला तर मी येऊन साक्ष देईन." मी बरोबर होते. तिथेही तेच बोलले, तिथेही मी गप्प.

त्यानंतर त्यांनी नंबर बांधले. त्या मशीनच्या फर्मवेअरमध्ये तशी सोय आहे, पण कुणी वापरत नाही, कारण ओळी हाताने लिहाव्या लागतात. काका बोलत होते, मी टाइप करत होते. पहिल्या खणाची वायर, नंबर एक. दुसऱ्याची, दोन. असं चारपर्यंत. कोण आधी जागा झाला, कोण उशिरा, याला काही किंमत नाही. जो ज्या खणात तो त्याचा नंबर. आणि शेवटची गोष्ट काकांनी दोनदा सांगितली, "खण रिकामा असेल तर नंबरही रिकामा राहू दे. तो दुसऱ्याला द्यायचा नाही."

मग म्हणाले, "तीनची काढा." काढली. मशीन चालू केलं. पडद्यावर एक, दोन, मग 'तीन: नाही', मग चार. मी पुन्हा बंद करून पुन्हा चालू केलं. 'तीन: नाही'. तिसऱ्यांदा करायला गेले तेव्हा काका म्हणाले, "पुरे. आता ते तुमचं ऐकणार आहे."

आज आमच्या हाताखालच्या सगळ्या मशीनांवर, जिथे फर्मवेअर करू देतं तिथे, नंबर असे बांधलेले आहेत. जिथे करू देत नाही तिथे डिस्कच्या अंगावरच्या नंबरावरून ओळख बांधतो. तिसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवतो. बडोद्यातली तीन-चार दुकानं आमचं बघून तसं करू लागली. त्यांच्यातलाच एक जण तिळगुळाच्या दिवशी ती गोष्ट सांगून सगळ्यात मोठ्याने हसतो. त्याला आता कळेल.

मी काकांना दोनदा म्हटलं, खरं काय ते सांगून टाकू द्या. पहिल्यांदा म्हणाले, "कशाला? माझं काही बिघडत नाही." दुसऱ्यांदा, "तुमची कामं बंद होतील." माझी कामं आता बंद व्हायची नाहीत, काका. आणि झाली तर होऊ देत. मागच्या आठवड्यात मी नंदेसरीला जाऊन मीनाबेनना सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मने खबर हती." त्यांना माहीत होतं. त्या दिवशी काळ्या चष्म्याच्या माणसापेक्षा माझाच चेहरा जास्त पडला होता म्हणे. मग कपाटाची किल्ली माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, नवीन मशीन आलं आहे, बघून घ्या.

तेव्हा सर्व मंडळींनो, लक्षात ठेवा. नंदेसरीचे फोटो श्री. भास्करराव दळवी यांनी पुसले नाहीत. ते सुरेखा जाधवने पुसले, घाईने, खिशात कागद असताना. ते परत आणले ते काकांनी. पुन्हा पुसले जाणार नाहीत अशी सोय केली तीही काकांनी. यापुढे ती गोष्ट सांगायची असेल तर अशी सांगा आणि माझं नाव घेऊन सांगा.

काका, तुम्ही हे छापून आल्यावरच वाचाल, कारण मी संपादकांना तशी ताकीद दिली आहे. तुम्हाला राग येईल. तुम्ही रागावता ते पाहायला मी सतरा वर्षं थांबले आहे, आणखी थोडं थांबेन. तुमचे दोन्ही डोळे असेच स्वच्छ राहोत, गुडघे तुम्हाला रोज दुकानाचा ओटा चढवोत, सुमनकाकू तुमच्यावर अशाच ओरडत राहोत. शंभरी पुरी करा आणि ती दुकानात करा. हे वाचाल त्याच्या पुढच्या सोमवारी लवकर या. आधी काय बोलायचं ते बोला, मी मध्ये तोंड घालणार नाही. मग कामाला बसू. चार मशीनं येऊन पडली आहेत, त्यांचे नंबर अजून सुटे आहेत.